नसता उद्योग

मराठी मध्यमवर्गात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून तीन गोष्टींची धास्ती घातलेली असते : साडेसाती, मूळव्याध आणि नसता उद्योग. पहिलीवर शांत करता येते, दुसरीवर औषध मिळतं. तिसऱ्यावर मात्र नुसती बोलणी आहेत, आणि ती जन्मभर पुरतात.

शब्द मोठा मार्मिक आहे. 'नसता' म्हणजे जो नाहीच तो. वेदान्त्यांनी सगळं जगच नसतं ठरवलं. आपल्या आयांनी आणि बायकांनी तितक्या लांब न जाता फक्त आपला उद्योग नसता ठरवला. व्याख्येसाठी कोश उघडायची गरज नाही. ज्यातून पैसे मिळतात तो उद्योग. पैसे मिळत नाहीत पण टाळ्या मिळतात, ती कला. पैसे नाहीत, टाळ्या नाहीत, पण डॉक्टरांनी सांगितलंय, तो व्यायाम. आणि पैसे नाहीत, टाळ्या नाहीत, डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही, तरी माणूस ताटातला भात निवत ठेवून जे करत बसतो, तो नसता उद्योग.

आता प्रश्न असा की, ज्या कामाचा जगात कोणालाही उपयोग नाही, ते मन लावून करायचा माणसाला हक्क आहे का? असला, तर तो कोणाकोणाला आहे? हा प्रश्न खरं म्हणजे तत्त्वज्ञांचा. पण तत्त्वज्ञांच्या गॅलरीत लोखंडी सळयांचा ढीग पडलेला नसतो. माझ्या गॅलरीत होता. त्यामुळे तो माझ्याकडे आला.

सळया होत्या एका खेळण्यातल्या गाडीच्या सांगाड्यासाठी. ही गाडी रेडिओच्या लहरींवर चालते आणि खडक चढते. इंग्रजीत तिला रॉक क्रॉलर म्हणतात, म्हणजे खडकांवर रांगणारी. माझ्या भाच्याने ती कॅलिफोर्नियाहून आणली, इथल्या खडकांवर घातली, तिचा प्लॅस्टिकचा सांगाडा मधोमध तडकवला आणि "मामा, तुम्ही बघा काय करायचं ते" असं म्हणून नोकरीसाठी तो बंगलोरला निघून गेला. भाच्यांनी मोडावं आणि मामांनी जोडावं, ही आपल्याकडची जुनीच वहिवाट आहे.

तिकडे अमेरिकेत हा प्रकार आधी मोठ्या, खऱ्या गाड्यांचा. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन ट्रेल नावाची एक वाट आहे. वाट म्हणायचं ते आपलं सौजन्य; मुळात ती बावीसेक मैलांची दगडांची रांग आहे. 1953 सालापासून तिथे जीपगाड्यांची जत्रा भरते. 1967 पासून यूटा राज्यातल्या मोआब गावी ईस्टरच्या सुमारास दुसरी भरते. पेट्रोल जाळून माणसाच्या चालीपेक्षाही हळू जायचं, एकेका धोंड्यावर अर्धा अर्धा तास घालवायचा आणि संध्याकाळी पत्रा चेपला म्हणून एकमेकांचं अभिनंदन करायचं! यातले खरे पटाईत लोक गाडीचा पत्राच काढून टाकतात आणि पोलादी नळ्या वाकवून, जोडून एक पिंजरा करतात. गाडी उलटलीच, तर आतला माणूस वाचावा हा हेतू. खेळण्यातल्या गाडीत आत माणूस नसतोच. तरीही पिंजरा लागतो. नसत्या उद्योगाचा हाही एक विशेष आहे : त्यात मूळ कारण निघून गेलं तरी काम शिल्लक राहतं.

दूर उभं राहून यंत्र चालवण्याची हौस तशी जुनी आहे. निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. इतका मोठा शास्त्रज्ञ भर शहरात मांडलेल्या पाण्यात होडी खेळवत उभा होता, तेव्हा त्याच्या घरच्यांनी काय म्हटलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो. पण टेस्लाने लग्न केलेलं नव्हतं. मोठे शोध कसे लागतात, याचा थोडा उलगडा इथे होतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे काम हातात घेण्यापूर्वी हिशेब मांडला. आम्हाला कॉस्टिंगमध्ये एक प्रश्न हमखास असायचा : वस्तू स्वतः तयार करावी की बाहेरून घ्यावी? मी दोन रकाने आखले. सळया 180 रुपये. चांदी मिसळलेली डागाची तार 600. टाकणखार 20. अर्धगोल कानस 150. हातात धरायची गॅसची टॉर्च 900, तिचे डबे 240. एकूण 2090. आता बाहेरचा भाव. आमच्या कोपऱ्यावर एक मिस्त्री आहेत. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे करतात. त्यांना कागदावरची आकृती दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "एका संध्याकाळचं काम, साहेब. आठशे द्या."

म्हणजे माझी मजुरी शून्य धरली तरी मी 1290 रुपयांनी तोट्यात. मजुरी धरली तर विचारायलाच नको. नऊ रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी मिळून पन्नासेक तास गेले. बँकेत मला जो पगार मिळतो त्या दराने हे तास लावले, तर तो सांगाडा चांदीचा करून घेणं परवडलं असतं. मी कागद दुमडून खिशात घातला आणि सळया विकत आणल्या. अर्थशास्त्रात या अवस्थेला नाव असेल. घरात जे नाव आहे ते मी वर दिलेलंच आहे.

आता सांगाडा कसा करतात ते सांगतो. अगदी थोडक्यात, कारण एकदा सुरुवात झाली की असे लोक थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आधी प्लायवूडच्या फळीवर खऱ्या मापाची आकृती काढायची. पुढच्या आणि मागच्या आसांत 313 मिलिमीटर अंतर, ते इकडचं तिकडे होऊन चालत नाही. मग रेषांच्या दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोकायचे, म्हणजे मधे ठेवलेली सळई हलत नाही. या खिळ्यांना मराठीत चुका म्हणतात. जी भाषा काम सरळ व्हावं म्हणून आधी चुका मारायला सांगते, तिला माणसाचा स्वभाव चांगला कळलेला असावा.

खऱ्या गाडीच्या पिंजऱ्याला पोकळ नळ्या वापरतात. तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा पोकळ नळी वाकायला कठीण असते. बांबूचं रहस्य तेच. पोकळ गोष्टी एवढ्या ताठ का असतात, हे मला नोकरीत अनेक वर्षं पडलेलं कोडं तिथे सुटलं. आपल्या एवढ्याशा गाडीला मात्र तीन मिलिमीटरची भरीव सळई पुरते.

त्यानंतर येतो त्रिकोण. चार सळयांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा. तो बघता बघता कलतो. त्यात एक तिरपी सळई टाकली की दोन त्रिकोण होतात आणि मग चौकोन ऐकत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की त्याला मत बदलायला जागाच उरत नाही. म्हणून कौलारू घराच्या छपराला कैची असते, म्हणून पुलाला तिरपे गज असतात. शाळेत भूमितीच्या तासाला हे प्रमेय मी पाठ केलं होतं. पण त्या पाठांतरात आणि सळई बोटाने दाबून ती हलत नाही हे पाहण्यात तेवढंच अंतर आहे, जेवढं लग्नपत्रिकेत आणि लग्नात.

आणि शेवटी सांधे. माझ्या सांगाड्यात ते बासष्ट होते. लोखंड जोडायच्या दोन रीती आहेत. वेल्डिंगमध्ये दोन्ही सळयांची टोकं स्वतः वितळून एक होतात, तो प्रेमविवाह. डाग देताना सळया वितळत नाहीत. तिसरीच एक धातू वितळून मधल्या फटीत शिरते आणि दोघांना धरून ठेवते. तो मध्यस्थाने जमवलेला विवाह. दोन्ही टिकतात. मध्यस्थ चांगला हवा आणि दोन्ही पक्ष स्वच्छ हवेत, एवढंच. सळईवर तेल किंवा गंज असला की डाग पसरत नाही, गोळा होऊन बसतो. म्हणून कानशीने घासायचं, टाकणखार लावायचा आणि सातशे अंशांच्या पुढे तापवायचं. एक सांधा एकदम पुरा करायचा नाही, नाहीतर तापलेली बाजू निवताना सगळा सांगाडा आपल्याकडे ओढून वाकडा करते. आधी सगळीकडे एकेक टाका मारायचा, मग आलटून पालटून सांधे भरायचे. टाका हा शब्द शिंप्याचा, सर्जनचा आणि वेल्डरचा एकच आहे, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं मला सांगितलं ते त्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी. आठशे रुपयांचं गिऱ्हाईक हातचं गेलं, तरी संध्याकाळी दुकान बंद करताना ते आमच्या गॅलरीखाली थांबून वर बघायचे. एकदा मी वर बोलावलं. सोलापूरकडचे, साठीला आलेले, डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल. त्यांनी माझ्या हातातली टॉर्च पाहिली आणि म्हणाले, "साहेब, डागाला कशाला तापवताय? कामाला तापवा. काम तापलं की डाग आपल्या पायानं येतो."

हे वाक्य मी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात ऐकलं असतं, तर त्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-बिस्किटं आणि एक फोल्डर मिळालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "हे विकणार का?"

"नाही."

"पोरासाठी?"

"भाच्याची गाडी आहे. पण तो आता इथे नाही."

"मग कशासाठी?"

मी म्हटलं, "मिस्त्री, मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे इकडून तिकडे नेतो. संध्याकाळी सगळं जुळलं की माझं काम दिसेनासं होतं. जुळलं नाही तरच दिसतं. म्हटलं, एखादी गोष्ट अशी करावी की जी झाल्यावर हातात धरता येईल."

हे मी थोडं भारावून बोललो असेन. मिस्त्री भारावले नाहीत. ते म्हणाले, "माझं सगळंच दिसतं, साहेब. या गल्लीतल्या अर्ध्या खिडक्यांना माझी जाळी आहे. पण चाळीस वर्षांत एक सांधा असा नाही, की जो कुणी सांगितला नव्हता आणि मी केला."

यावर काय बोलायचं? मी चहा मागवला. आपल्या समाजात उत्तर सुचलं नाही की चहा येतो.

इथे माझा मूळ प्रश्न उलटा झाला. तोवर मी विचारत होतो, की निरुपयोगी कामात पन्नास तास घालवणं योग्य आहे का. म्हणजे आरोपी मी आणि फिर्यादीही मीच. असे खटले बहुधा निर्दोष सुटतात. आता दिसलं ते असं : ज्याच्या हातात कसब आहे त्याला नसता उद्योग करायला सवड नाही, आणि ज्याला सवड आहे त्याच्या हातात कसब नाही. मी रविवारी सकाळी हौसेने जो चटका घेतो, तो ते सोमवार ते शनिवार पोटासाठी घेतात. माझ्या चटक्याला घरात हळद लागते आणि ऑफिसात त्याची गोष्ट होते. त्यांच्या चटक्याला काही होत नाही. 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो. तो रंगवणाऱ्या पेंटरशीही घासाघीस झालेली असते.

आता एक सोपा निष्कर्ष असा निघतो, की मी हे थांबवावं आणि मिस्त्रींना आठशे रुपये द्यावेत. अर्थशास्त्र खूश, नीतिशास्त्रही खूश. पण मला तो पटेना. चुकलं होतं ते माझ्याकडे नसता उद्योग आहे हे नव्हे. त्यांच्याकडे तो नाही, हे. पंक्तीत शेजाऱ्याच्या पानात लाडू वाढला नाही, तर आपल्या पानातला परत करून न्याय होत नाही. वाढप्याला हाक मारावी लागते.

राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पुष्कळांनी वाचला असेल. राजा रथातून आला, तेव्हा नागसेनाने विचारलं, की रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू? लगाम? रथाचा पिंजरा? हो, पिंजरा! मूळ पाली यादीत 'रथपंजर' असाच शब्द आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची गाडीही सांगाड्यावरच उभी होती. राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणायचं. एकेकट्यात तो सापडत नाही. मला वाटतं, कामाचं मोलही असंच आहे. माझ्या दोन रकान्यांत मी ते शोधत होतो. 180 रुपयांच्या सळयांत ते नव्हतं, 600 रुपयांच्या डागात नव्हतं, पन्नास तासांतही नव्हतं. कॉस्टिंगचा कागद खोटा नव्हता. तो फक्त रथ सुटा करून मोजत होता.

सांगाडा होत आला तेव्हा मागचा एक सांधा राहिला होता. तिथे चार सळया एका ठिकाणी येतात; हात वाकडा करून टॉर्च धरावी लागते. मी सांगाडा घेऊन मिस्त्रींच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "हा एक तुम्ही करा. पण मी सांगत नाही. वाटलं तर करा."

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. इतर दिवशी ते घाईत असतात; त्या दिवशी सांधा कानशीने घासायलाच दहा मिनिटं घेतली. तो निवल्यावर नखाने टोकून पाहिला. मी पैशांचं विचारल्यावर जरा रागावलेच. "याचे कसले पैसे? हा माझा आहे."

बासष्टपैकी एकसष्ट सांधे माझे आणि एक त्यांचा. कोणता, ते लांबूनही ओळखू येतं.

गाडी आम्ही वेताळ टेकडीवर जुन्या खाणीजवळ चढवून पाहिली. काळा बसाल्ट, कोरडा असला की रबर त्याला घट्ट धरतं. साध्या मोटारीत एक चाक हवेत गेलं की सगळी फिरकी त्याच चाकाला मिळते आणि जमिनीवरचं चाक गप्प राहतं. काम न करणाऱ्यालाच फिरायला मिळतं, हे ऑफिसात राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. रॉक क्रॉलरमध्ये ही सोय बंद केलेली असते. दोन्ही चाकं सारखीच फिरतात, मग एक हवेत असो वा नसो. त्यामुळे ती अतिशय हळू, पण हट्टाने चढते. बघ्यांतला एक मुलगा म्हणाला, "काका, ही पळत का नाही?" सकाळच्या फेरीला आलेले एक निवृत्त गृहस्थ थांबून म्हणाले, "छान आहे. पण याचा उपयोग काय?" आणि ते जिथून निघाले होते तिथेच परत जाण्यासाठी झपझप चालू लागले. कमरेएवढ्या कातळावरून गाडी दोनदा पाठीवर पडली. सांगाड्याला ओरखडे उठले, सांधे राहिले. हे मी संध्याकाळी मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त "कुठला सांधा खाली आला होता?" एवढंच विचारलं.

उरलेल्या सळया, थोडी डागाची तार आणि टाकणखाराची पुडी मी त्यांच्याकडे देऊन टाकली. नसत्या उद्योगाचा हक्क सगळ्यांना असावा, एवढं माझं मत झालं आहे; पण तो कायद्याने देता येत नाही. त्याला लागतो मोकळा वेळ, आणि ती गोष्ट कुठल्याच काउंटरवर मिळत नाही. आठवड्याची सुट्टी, नेमलेले तास, म्हातारपणचं पेन्शन यांसाठी माणसं भांडत आली ती केवळ विश्रांतीसाठी, असं आपण धरून चालतो. विश्रांती तर हवीच. पण कोणी सांगितलेलं नाही असं एक काम आपल्या मनाने आणि हळूहळू करता यावं, हीसुद्धा त्या मागणीतली एक ओळ आहे. ती छापायची राहून गेली असावी.

परवा घरी खिडकीची नवी जाळी करायची म्हणून त्यांच्या दुकानात गेलो. बायको बरोबर होती. त्यांनी भाव सांगितल्यावर तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर आहे." कारण मी त्या जाळीतले सांधे मनात मोजले होते, आणि एका सांध्याला किती वेळ लागतो ते आता मला ठाऊक आहे.

काउंटरमागच्या फळीवर, कुलपं आणि बिजागऱ्यांच्या मधे, तीन मिलिमीटरच्या सळयांची एक बैलगाडी उभी होती. साटा झालेला, जू झालेलं, चाकं नव्हती. पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने तिची किंमत विचारली.

"ती विकायची नाही," मिस्त्री म्हणाले.

"पण ही आहे काय? चाकं तर नाहीत."

"गाडी आहे," ते म्हणाले. "चाकांना अजून वेळ मिळाला नाही."